मज्जारज्जूतील गाठ, चमकणारा डाय आणि हळदीचा हंगाम

पत्र

माझे पती ४७ वर्षांचे असून सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचे हळदीचे अडत दुकान आहे. वर्षभरापासून त्यांची पाठ दुखते, विशेषतः रात्री आडवे झाल्यावर. आता दोन्ही पाय बधिर वाटतात, चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही आणि पंधरवड्यापासून लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. मिरजेत एमआरआय केला. पाठीच्या डी-३ ते डी-६ मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूच्या आतच गाठ असून ती बहुधा एपेंडायमोमा असावी, असे त्यात लिहून आले आहे. तिथल्या न्यूरोसर्जननी ऑपरेशन लवकर करावे असे सांगितले. पुण्याच्या पुतण्याने एक व्हिडिओ पाठवला, त्यात डाय देऊन गाठ लाल चमकवतात आणि चमकते तेवढी सगळी काढून टाकतात. जिथे हा डाय असेल तिथेच ऑपरेशन करायचे, असा त्याचा आग्रह आहे. थोरले भाऊजी म्हणतात, पाठीच्या कण्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो, निदान हळदीचा हंगाम तरी उरकू द्या. सासूबाईंना असले रसायन पोटात जाण्याचीच भीती वाटते, कारण ह्यांना कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठते आणि मधुमेहाच्या गोळ्याही चालू आहेत. आम्ही काय करावे?

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात डायबद्दल पुष्कळ लिहिले आहे आणि लघवीबद्दल एकच वाक्य आहे. मला मात्र उत्तराची सुरुवात त्या वाक्यापासूनच करावी लागेल. मज्जारज्जूत गाठ असलेल्या माणसाचे पाय बधिर होणे, पायातली चप्पल निसटल्याचे न कळणे आणि त्यामागोमाग लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, हा क्रम दाब वाढत चालल्याचा आहे. एपेंडायमोमा, म्हणजे मज्जारज्जूच्या आतल्या नलिकेच्या अस्तरातून उगवणारी गाठ, सहसा सावकाश वाढते, त्यामुळे मज्जारज्जू बराच काळ तिला सामावून घेत राहतो आणि माणूस दुकानात उठबस करत राहतो. परंतु ही सोय एका मर्यादेपर्यंतच चालते, आणि ती मर्यादा जवळ आल्याची खूण पुष्कळदा मूत्राशयाकडून मिळते. मधुमेह असलेल्या माणसाचे पाय बधिर झाले की घरचे लोक, आणि कधी कधी दवाखान्यातलेही, साखरेवर बोट ठेवून मोकळे होतात, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. तुमच्याकडे आता एमआरआय आहे, त्यामुळे त्या शंकेत आणखी दिवस घालवण्याचे कारण उरलेले नाही.

म्हणून हंगाम उरकेपर्यंत थांबावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘थांबू नये’ असे आहे. मज्जारज्जूच्या आतील गाठींच्या शस्त्रक्रियेबद्दल जगभरातून जे लिहिले गेले आहे त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: ऑपरेशनच्या टेबलावर जाताना रुग्ण ज्या अवस्थेत असतो, तीच अवस्था त्याच्या पुढच्या अवस्थेचा सर्वांत भरवशाचा अंदाज देते. आपल्या पायांनी चालत आलेला माणूस पुढेही चालत राहण्याची शक्यता चांगली असते. ज्याचे पाय आधीच गेले आहेत, त्याची गाठ पूर्ण निघाली तरी पाय परत येतीलच असे सांगता येत नाही. दरम्यान लघवी अजिबात होईनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला किंवा एकदोन दिवसांत पायांतली ताकद झपाट्याने कमी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मिरजेला न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात जावे.

आता डायकडे वळू. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या या रंगद्रव्यांचा गुण असा की, एका ठरावीक रंगाचा प्रकाश त्यांच्यावर पडला की ती वेगळ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. हळदीची चिमूट थोड्या स्पिरिटमध्ये घोळवून ते पिवळे पाणी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरले, तर ते हिरवट पिवळे उजळते. हा गुण हळदीतल्या कर्क्युमिनचा आहे आणि तुमच्या दुकानात तो कोणालाही पाहता येईल. शस्त्रक्रियेतले डाय याच तत्त्वावर चालतात. गाठीत साठणारे आणि निरोगी पेशींत फारसे न साठणारे द्रव्य निवडायचे आणि सूक्ष्मदर्शकातून योग्य प्रकाश टाकून ते पाहायचे, एवढीच मूळ कल्पना आहे. यातून एक गोष्ट लगेच स्पष्ट व्हावी: डाय गाठीला जाळत नाही, विरघळवत नाही आणि लहानही करत नाही. तो सर्जनच्या डोळ्यांना मदत करतो. गाठ काढायचे काम हातांनाच करावे लागते.

असे तीन डाय सध्या प्रामुख्याने वापरात आहेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी आहे. सोडियम फ्लुरोसीन हे सर्वांत जुने. अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुरोसीन १८७१ साली तयार केले आणि मेंदूतल्या गाठी ओळखण्यासाठी त्याचा उपयोग अमेरिकेतील जॉर्ज मूर यांनी १९४८च्या सुमारास मांडला. हे शिरेतून देतात. मेंदू व मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांची जी नैसर्गिक तटबंदी असते ती गाठीमुळे जिथे मोडलेली असते, तिथून ते पाझरते आणि निळ्या प्रकाशात हिरवट पिवळे दिसते. मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करताना हातातून जो पिवळा डाय देतात तो हाच, त्यामुळे तो स्वस्त आहे आणि सांगली-मिरजेतल्या नेत्रतज्ज्ञांनाही चांगला परिचित आहे. इंडोसायनीन ग्रीन हा दुसरा डाय रक्तवाहिन्या दाखवतो, तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, खास कॅमेऱ्यातून. हिमँजिओब्लास्टोमा नावाची रक्ताने भरलेली गाठ काढताना तिला रक्त आणणारी नस कोणती आणि तिच्यातून रक्त नेणारी कोणती हे कळणे फार मोलाचे असते, आणि हा डाय ते मिनिटाभरात दाखवतो. तुमच्या पतींच्या अहवालातील गाठ त्या जातीची नसल्यामुळे त्याचा विचार तुम्हाला बहुधा करावा लागणार नाही.

पुतण्याने पाठवलेल्या व्हिडिओत गाठ लाल दिसते, त्याअर्थी तो तिसरा डाय असावा: फाइव्ह-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, ज्याला डॉक्टर थोडक्यात फाइव्ह-एएलए म्हणतात. सासूबाईंना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, हे द्रव्य मुळात आपले शरीर रोजच तयार करत असते, कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग त्यापासूनच पायरी-पायरीने बनतो. बाहेरून ते जास्त प्रमाणात दिले की अनेक प्रकारच्या गाठींच्या पेशींत शेवटची पायरी रेंगाळते आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचे मधले द्रव्य तिथे साचून राहते. त्यावर निळा-जांभळा प्रकाश पडला की ते लाल चमकते. वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम या हिशेबाने, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम इतके औषध पाण्यात विरघळवून भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी प्यायला देतात.

या डायची ख्याती ज्या अभ्यासावर उभी आहे, तो जर्मनीतल्या वॉल्टर श्टुमर यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केला. मेंदूतल्या घातक ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून वाढणाऱ्या गाठीच्या, रुग्णांत साध्या प्रकाशात ऑपरेशन केले असता ३६ टक्के रुग्णांची एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली होती, तर डायच्या मदतीने हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले; आणि सहा महिन्यांनंतर गाठ पुन्हा वाढलेली नाही अशा रुग्णांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ४१ टक्के झाले. युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती याच कामासाठी, म्हणजे मेंदूतल्या घातक ग्लायोमासाठी. पुतण्या हुशार आहे आणि त्याने तळमळीने शोध घेतला आहे याबद्दल मला शंका नाही. फक्त व्हिडिओतले आकडे कोणत्या अवयवाचे आहेत, हे त्याने तपासून पाहावे.

पाठीच्या कण्यातल्या गाठींसाठी हा डाय अनेक देशांतले सर्जन वापरतात, परंतु तो मान्यतेच्या चौकटीबाहेरचा, डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर केलेला वापर आहे. त्याबद्दलची माहितीही लहान लहान रुग्णसमूहांवरून आलेली आहे. मज्जारज्जूच्या आतल्या गाठी मुळातच विरळ असल्यामुळे शेकडो रुग्ण जमवून, निम्म्यांना डाय देऊन आणि निम्म्यांना न देता तुलना करणे सोपे नाही. तरीही या लहान अभ्यासांतून काही गोष्टी सुसंगतपणे पुढे आल्या आहेत. एपेंडायमोमा फाइव्ह-एएलएने बहुतेक वेळा चमकते. मात्र सगळ्याच चमकत नाहीत आणि एकाच गाठीचा एक भाग उजळ, दुसरा फिका असेही होते. मज्जारज्जूतल्या दुसऱ्या जातीची गाठ, म्हणजे सौम्य प्रतीचा अ‍ॅस्ट्रोसायटोमा बहुधा चमकतच नाही. मज्जारज्जूच्या बाहेर, आवरणाला चिकटून वाढणारा मेनिंजिओमा छान चमकतो, पण त्याची कड सर्जनला एरवीही दिसते. म्हणजे जी गाठ मज्जारज्जूत मिसळून गेलेली असते आणि जिच्यासाठी या मदतीची खरी निकड असते, त्या सौम्य अ‍ॅस्ट्रोसायटोमातच हा डाय अनेकदा दगा देतो. आणि ही गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तुमच्या पतींच्या गाठीबद्दल यात एक चांगली बातमी दडलेली आहे. एपेंडायमोमा आणि निरोगी मज्जारज्जू यांच्यामध्ये सहसा एक फट असते, आणि अनुभवी सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली त्या फटीतून पुढे सरकत गाठ सोडवत जातो. रुग्णाला पालथे झोपवून मणक्यांची मागची कमान उघडतात, मज्जारज्जूवरचे जाड आवरण कापून बाजूला टाके घालून धरतात आणि मग मज्जारज्जूच्या पाठीमागच्या बाजूची मधली रेषा शोधतात. आतल्या गाठीने मज्जारज्जू फुगून किंचित पिळलेला असतो, त्यामुळे ती रेषा सापडणे हाच पहिला कसोटीचा क्षण असतो. तिथून आत शिरून अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी ऊतक फोडून ओढून घेणारे उपकरण वापरतात, ज्याला ऑपरेशन थिएटरमध्ये क्युसा म्हणतात. त्याने गाठ आतून पोकळ केली की तिच्या भिंती आत झुकतात आणि कड सुटू लागते. इथपर्यंत डायची फारशी गरज लागत नाही. गाठीचा मोठा भाग निघाल्यावर, उरलेल्या पोकळीच्या भिंतीवर किंवा वरच्या-खालच्या टोकाला एखादा चुकार तुकडा राहिला आहे का हे पाहायला मात्र तो उपयोगी पडतो. थिएटरचे दिवे मंद करतात, सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश निळा करतात, आणि साध्या प्रकाशात निरोगी ऊतकासारखाच दिसणारा एखादा पापुद्रा लाल उठून दिसतो. तेवढा तुकडा राहून गेला असता तर तो पुढे पुन्हा वाढला असता, आणि एपेंडायमोमाच्या बाबतीत पूर्ण काढणे हाच मुख्य उपचार असल्यामुळे त्या क्षणाचे मोल मी कमी लेखत नाही.

त्याच वेळी त्या निळ्या प्रकाशाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. त्यात बाकीचे दृश्य काळोखे होते, बारीक रक्तवाहिनी आणि तिच्यातला रक्तस्राव नीट दिसत नाही, म्हणून सर्जनला निळा आणि पांढरा प्रकाश आलटून पालटून वापरावा लागतो. रक्ताचा पातळ थर साचला तरी खालची चमक झाकली जाते. प्रकाशात फार वेळ राहिले की रंग फिका पडतो. चमक दिसते ती वरच्या थराचीच. खाली काय दडले आहे ते तिला सांगता येत नाही. फ्लुरोसीनच्या बाबतीत तर शस्त्रक्रियेच्या धक्क्याने दुखावलेल्या निरोगी जागेतूनही डाय पाझरू शकतो आणि नसलेली गाठ असल्यासारखी भासू शकते.

आणि याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, जी व्हिडिओत दाखवली जात नाही. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूची रुंदी जेमतेम एक सेंटिमीटर असते आणि पायांकडे जाणारे सगळे हुकूम आणि पायांकडून येणाऱ्या सगळ्या संवेदना तेवढ्याशा जागेतून जातात. मेंदूत काही ठिकाणी थोडे जास्तीचे ऊतक काढले तरी निभावून जाते. इथे एक मिलिमीटरही राखीव नाही. त्यामुळे चमकते आहे तेवढे सगळे काढायचे, हा पुतण्याने ऐकलेला नियम मज्जारज्जूत लागू करता येत नाही. गाठीचा शेवटचा पापुद्रा निरोगी तंतूंना घट्ट चिकटलेला असेल, तर तो लालभडक चमकत असतानाही तिथेच सोडून देणारा सर्जन योग्य निर्णय घेतो. पुढे एमआरआयने त्यावर लक्ष ठेवता येते, गरज पडल्यास रेडिएशन देता येते किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करता येते.

कुठे थांबायचे हे सर्जनला सांगते ती मज्जातंतूंची देखरेख, जिला डॉक्टर न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. रुग्ण भुलेखाली असताना डोक्याच्या त्वचेवरून सूक्ष्म विद्युत्‌स्पंदन देऊन पायाच्या स्नायूंपर्यंत संदेश पोहोचतो का, हे ऑपरेशन चालू असताना सतत तपासले जाते. उलट दिशेने, घोट्यापाशी स्पंदन देऊन संवेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जातो का हेही पाहतात. याशिवाय मज्जारज्जूवरच बारीक तार ठेवून डी-वेव्ह नावाची लहर मोजता येते, आणि तुमच्या पतींची गाठ ज्या पातळीवर आहे तिथे ती मोजणे शक्य असते. ही लहर मूळ उंचीच्या निम्म्याहून खाली गेली तर हात थांबवायचा, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे. स्नायूंचे संदेश हरपले तरी डी-वेव्ह टिकून असेल, तर ऑपरेशननंतर आलेला अशक्तपणा बहुधा तात्पुरता ठरतो. तेव्हा एका रुग्णालयात डाय आहे पण ही देखरेख नाही, आणि दुसरीकडे देखरेख आहे, मज्जारज्जूच्या आतल्या गाठी नियमितपणे काढणारा सर्जन आहे पण डाय नाही, अशी निवड करायची वेळ आली, तर मी क्षणाचाही विचार न करता दुसरे रुग्णालय निवडीन. दोन्ही एकाच छताखाली मिळाले तर उत्तमच.

म्हणून सर्जनकडे जाताना पुतण्याला सोबत न्या, त्याच्यासारखा नेटाने प्रश्न विचारणारा माणूस तिथे हवाच असतो. फक्त पहिला प्रश्न डायचा नसावा. मज्जारज्जूच्या आतल्या गाठी तुम्ही स्वतः वर्षाला साधारण किती काढता, न्यूरोमॉनिटरिंग करणारी व्यक्ती थिएटरमध्ये पूर्ण वेळ हजर असते का, डी-वेव्ह मोजता का, हे आधी विचारावे. गाठ कडेने सुटत नाही असे आत गेल्यावर दिसले किंवा टेबलावरच तपासलेला तुकडा अ‍ॅस्ट्रोसायटोमाचा निघाला तर काय करणार, हेही विचारावे, कारण एमआरआयवरचा ‘बहुधा’ हा शब्द त्या टप्प्यावर बदलू शकतो. त्यानंतर डाय वापरणार का, कोणता, त्यासाठीचे फिल्टर त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला आहेत का, आणि त्याचा खर्च वेगळा लागेल का, हे विचारावे. असल्या प्रश्नांनी चांगला सर्जन रागावत नाही. मिरजेच्या सर्जननी डायचा उल्लेख केला नाही, यावरून त्यांना माहिती नाही असा तर्क मात्र काढू नये. एपेंडायमोमासाठी डाय न वापरणारे निष्णात सर्जन पुष्कळ आहेत. मनात शंका राहिली असेल तर एमआरआयची सीडी, फक्त छापील फिल्म नव्हे, पुण्याच्या किंवा मुंबईच्या दुसऱ्या न्यूरोसर्जनना दाखवून मत घ्यावे; ते काम दोन-चार दिवसांत उरकते आणि तेवढा वेळ त्यासाठी देण्यासारखा आहे. मते गोळा करत महिना घालवू नये.

सासूबाईंच्या काळजीला आधार अगदीच नाही असे नाही, म्हणून डाय देणार असे ठरले तर पुढील गोष्टी भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला. कोळंबीने उठणारे पित्त हे कोळंबीतल्या प्रथिनामुळे उठते, त्याचा आयोडीनशी संबंध नसतो, त्यामुळे त्यावरून इंडोसायनीन ग्रीनची ॲलर्जी असेल असे मानण्याचे कारण नाही, जरी त्या डायमध्ये थोडे आयोडाइड असते. फ्लुरोसीनची तीव्र ॲलर्जी क्वचित येते, परंतु ज्यांना एरवी पित्त उठते त्यांच्याबाबत भूलतज्ज्ञ जास्त सावध राहतात, म्हणून ही गोष्ट लपवू नये. फ्लुरोसीन दिल्यावर काही तास कातडी पिवळसर दिसते आणि दिवसभर किंवा थोडे अधिक लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते. भेटायला येणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कावीळ झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत मार्केट यार्डात पोहोचेल. हा डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, त्यामुळे मधुमेह असल्याने क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी, रक्ततपासणी झालेली असावी.

फाइव्ह-एएलएचे पथ्य वेगळे आहे. पॉर्फिरिया हा दुर्मीळ, बहुधा आनुवंशिक आजार असलेल्यांना ते देत नाहीत, म्हणून घराण्यात तो कोणाला असल्यास आधीच सांगावे. ते घेतल्यावर मळमळ होऊ शकते, रक्तदाब थोडा उतरू शकतो आणि यकृताच्या तपासणीतले आकडे काही दिवस वाढलेले दिसू शकतात. कातडी आणि डोळे प्रकाशाला हळवे होतात, म्हणून २४ ते ४८ तास थेट ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. खोलीचा पडदा ओढलेला असावा आणि ऑपरेशननंतर स्ट्रेचर उन्हातून न्यायचे असेल तर अंग झाकलेले असावे. उन्हाला हळवेपणा आणणारी इतर औषधे त्या काळात देत नाहीत, आणि त्यांत टेट्रासायक्लीन, सल्फा व क्विनोलोन गटांतल्या प्रतिजैविकांखेरीज मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्याही मोडतात. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड त्याच गटातली आहेत आणि आपल्याकडे ती सर्रास दिली जातात, तेव्हा पतींच्या गोळ्यांचे पाकीट नावासकट भूलतज्ज्ञांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

खर्चाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे आणि ही शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का, बसत असल्यास न्यूरोमॉनिटरिंग आणि डाय त्यात धरले आहेत की बाहेरून द्यावे लागतील, हे दाखल होण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, ही तरतूदही लक्षात असू द्या. अडत दुकान असलेल्या कुटुंबाला ती लागू होईलच असे नाही, परंतु तुमच्या हमाल-तोलाईदारांपैकी कोणाला कधी उपयोगी पडेल.

थोरल्या भाऊजींचे बोलणे उडवून लावू नका. त्यांनी अंथरुणाला खिळलेले कोणीतरी पाहिले असणार आणि ते सांगतात तो धोका खराच आहे. त्यांना एवढेच सांगा की, ऑपरेशन केले तर पाय जाण्याचा धोका काही प्रमाणात आहे, आणि या अवस्थेत ते केलेच नाही तर पाय जाण्याचीच वाट पाहायची आहे. हळद गोदामात राहू शकते, सौदे तुमचा मुनीम किंवा स्वतः भाऊजी सांभाळू शकतात, आणि ती जबाबदारी अंगावर घेतली तर त्यांनाही आपण काही करतो आहोत याचे समाधान मिळेल. मात्र घरातल्या सर्वांनी, विशेषतः पतींनी, एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस पाय पूर्वीपेक्षा जास्त अशक्त किंवा बधिर वाटणे हे या शस्त्रक्रियेत वारंवार घडते, कारण मज्जारज्जूच्या पाठीमागच्या ज्या भागातून आत जावे लागते, तिथूनच पाय कुठे टेकला आहे याची जाणीव जाते. अंधारात तोल जाणे, पायरीचा अंदाज न येणे, काही काळ लघवीची नळी राहणे, हे सगळे संभवते, आणि त्यातले बरेचसे पुढच्या आठवड्यांत व महिन्यांत फिजिओथेरपीने सुधारते. तिसऱ्या दिवशी ‘बघा, मी म्हणत होतो’ असे घरात कोणी म्हणू नये, यासाठी हे आत्ताच बोलून घेतलेले बरे.

गाठ निघाल्यावर ती चमकली की नाही याला फारसे महत्त्व उरत नाही. तिचे नाव आणि प्रत पॅथॉलॉजीचा अहवाल ठरवतो. तो अहवाल आणि गाठीचे मेणातले ठोकळे, ज्यांना प्रयोगशाळेत ब्लॉक म्हणतात, मागून घ्या आणि फाइलमध्ये नीट ठेवा, कारण रेडिएशनचा प्रश्न निघाला किंवा दुसरीकडे मत घ्यायचे झाले तर तेच मागतात. ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय कधी करायचा, त्याची तारीख घरी सोडण्याच्या कागदावर सर्जनकडून लिहून घ्या.